नाउरूचं राष्ट्राध्यक्षपद: दहा जणांचं गणित

प्रशांत महासागरातल्या नाउरू या चिमुकल्या बेट-देशात राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी देशभर प्रचार करावा लागत नाही. आधी आपल्या मतदारसंघातून खासदार व्हायचं. मग १९ खासदारांपैकी १० जण आपल्या बाजूला आणायचे. आणि त्या दहांपैकी एकाला सभापतीच्या खुर्चीत बसायला राजी करायचं. पहिली पायरी आकडेमोडीची आहे, दुसरी माणसं सांभाळण्याची. तिसरी वरवर क्षुल्लक दिसते, पण अख्खा देश महिनोन् महिने अडकला तो तिसरीवरच.

देश केवढा, तर २१ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा साधारण पाचवा हिस्सा. लोकवस्ती बारा हजारांच्या आत-बाहेर. आपल्याकडे साडेसात हजारांवर वस्ती असलेल्या ग्रामपंचायतीत १७ सदस्य असतात. इथे संसदेत १९. फरक एवढाच, की या एकोणिसांनी निवडलेला माणूस संयुक्त राष्ट्रांत भाषण करतो. ३१ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र झालेल्या या देशाच्या घटनेत पंतप्रधान हे पदच नाही. राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख दोन्ही राष्ट्राध्यक्षच, आणि त्याला निवडणारी व काढणारी संसदच. म्हणून हे पद नावानं राष्ट्राध्यक्षाचं असलं तरी ते मुख्यमंत्रिपदासारखं समजून घ्यावं: आज आकडा आहे, उद्याचं उद्या.

आधी खासदारकी

अट साधी आहे: नाउरूचं नागरिकत्व आणि वयाची २० वर्षं पूर्ण. दिवाळखोर ठरलेला, किंवा वर्षभर वा त्याहून जास्त कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरून शिक्षेखाली असलेला माणूस बाद. सरकारी नोकरी आणि खासदारकी एकत्र चालत नाही. जिथे बहुतेक पगार सरकारातूनच येतात अशा बेटावर ही अट कागदावर दिसते तेवढी हलकी नाही: हरलात तर खासदारकीही नाही आणि नोकरीही नाही. घरच्यांशी आधी बोलून घ्यावं.

जिल्हे १४, पण मतदारसंघ ८. ऐवो, अनाबार, अनेतान, बोए, बुआडा आणि यारेन इथून प्रत्येकी दोन खासदार, मेनेंगमधून तीन, आणि चार जिल्हे एकत्र करून बनलेल्या उबेनिडेतून चार. लहान मतदारसंघात काही शेच मतदार, त्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या नात्यातले. मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे लोकांना केंद्रावर आणण्याची धावपळ नाही. खरी मेहनत आहे ती मतपत्रिकेवर आपला नंबर कितवा लागतो याची.

मतपत्रिका आणि अपूर्णांक

नाउरूची मतमोजणी जगात जवळपास एकटीच आहे. १९७१ मध्ये तिथले न्याय खात्याचे सचिव डेस्मंड डाउडॉल यांनी ती बसवली, म्हणून तिला डाउडॉल पद्धत म्हणतात. मतदार फुली मारत नाही. सगळ्या उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३, ४ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीला १ गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव, असं खाली खाली. ऑस्ट्रेलियासारखं एकेका फेरीत उमेदवार बाद करत जाणं इथे नाही. सगळ्या मतपत्रिकांवरचे सगळे गुण एकदाच मांडून बेरीज करायची आणि जागा दोन असतील तर वरचे दोघे निवडून.

एक मांडणी करून बघू. जागा दोन, उमेदवार चार, मतं १००.

४० मतपत्रिका: अ, ब, क, ड या क्रमानं
३५ मतपत्रिका: क, ब, ड, अ
२५ मतपत्रिका: ड, ब, क, अ

तीन दशांश स्थळांपर्यंत हिशोब केला तर:

अ = ४० + (६० × ०.२५) = ५५
ब = १०० × ०.५ = ५०
क = ३५ + (६५ × ०.३३३) = ५६.६४५
ड = २५ + (३५ × ०.३३३) + (४० × ०.२५) = ४६.६५५

क आणि अ निवडून आले. दोन गोष्टी डोळ्यांत भराव्यात. अ-ला पहिल्या पसंतीची मतं सर्वांत जास्त, तरी तो दुसरा. कारण उरलेल्या ६० जणांनी त्याला तळाला टाकलं. आणि ब? शंभरच्या शंभर जणांना तो दुसऱ्या नंबरचा म्हणून चालतोय, कुणाचाच त्याला विरोध नाही, तरी घरी. ‘सगळ्यांशी गोड, कुणाचाच खास नाही’ अशा उमेदवाराला ही पद्धत पावत नाही.

ताळा करायचा असेल तर सोपं आहे. चार उमेदवार असताना एका मतपत्रिकेवर एकूण २.०८३ गुण असतात. १०० मतपत्रिकांचे २०८.३. वरच्या चार बेरजांची बेरीज तेवढीच यायला हवी. मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या आपल्या माणसाला हा ताळा पाठ असू द्या. मेनेंग किंवा उबेनिडेत उमेदवार जास्त असले की अपूर्णांकांची रांग लांबते आणि चूक एखाद्या दशांशात लपते.

प्रचारात याचा अर्थ काय? पाचव्या क्रमावरून चौथ्यावर आलात तर मिळतात ०.०५ गुण. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलात तर ०.१६७. दुसऱ्यावरून पहिल्यावर आलात तर तब्बल ०.५. म्हणजे पायपीट वरच्या दोन पसंतींसाठीच करावी. स्वतःच्या गोतावळ्याकडून ‘१’ पक्का करावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरात जाऊन ‘२’ मागावा. ‘तुमचा पहिला तुमच्या मामालाच द्या, दुसरा मला’ हे मागणं तिथे अपमानाचं नाही, आणि मामालाही त्यात काही वाटत नाही. उलट मामाविषयी वाईट बोललात तर तो ‘२’ सरळ तळाला जातो.

मत वाया जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिकामा चौकोन. दहा उमेदवार असतील तर दहाही क्रम भरावे लागतात. एक सुटला किंवा एकच आकडा दोनदा पडला की अख्खी मतपत्रिका बाद. म्हाताऱ्या मतदाराला ‘फक्त मला एक नंबर द्या’ असं सांगून येणारा कार्यकर्ता त्यामुळे आपल्याच उमेदवाराचं नुकसान करतो.

पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षालाही या मोजणीतून सुटका नाही. सहा वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले बॅरन वाका २०१९ मध्ये बोए मतदारसंघातून स्वतःची जागाच हरले. खासदारकी गेली की पुढचा प्रश्नच मिटतो. संसदेबाहेरच्या माणसाला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही.

सभापतीची खुर्ची

इथे थोडं थांबावं लागेल, कारण नवख्या माणसाची गफलत इथेच होते.

नवी संसद बसली की पहिलं काम सभापती निवडण्याचं. तो निवडल्याशिवाय दुसरं काहीच करता येत नाही, राष्ट्राध्यक्षाची निवडही नाही. सभापती खासदारांमधलाच असावा लागतो, आणि सभापती व उपसभापती दोघेही राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत. सभापती एरवी मत देत नाही. समसमान मतं पडली तरच त्याचं निर्णायक मत.

आता जुनी, १८ जणांची संसद डोळ्यांसमोर आणा. दोन गट, नऊ-नऊ. ज्यानं आपला माणूस सभापती केला त्याच्याकडे सभागृहात उरले आठ, समोर नऊ. निर्णायक मत वापरायला आधी बरोबरी तरी व्हायला हवी. आठ विरुद्ध नऊमध्ये ती होत नाही. म्हणून कुणीच माणूस द्यायला तयार नाही. २०१० मध्ये नेमकं हेच झालं. एप्रिलमध्ये निवडणूक झाली, कोंडी. जूनमध्ये पुन्हा निवडणूक, पुन्हा कोंडी. अखेर नोव्हेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष लुडविग स्कॉटी सभापती व्हायला तयार झाले, आणि मार्कस स्टीफन यांची राष्ट्राध्यक्षपदी फेरनिवड झाली. पुढे २०१३ च्या निवडणुकीपासून मेनेंगला तिसरी जागा देऊन संसद १९ ची केली, ती ही विषम संख्या मिळावी म्हणूनच.

१९ मध्ये हिशोब असा बसतो: तुमचे १०, त्यांचे ९. तुमचा एक सभापती झाला की ९-९. बरोबरी झाली तर निर्णायक मत तुमच्याच माणसाचं. म्हणजे दहा पुरतात, पण सभापती आपला असेल आणि आपलाच राहील तर. तो रुसला की तुमच्याकडे दहा नाहीत, नऊच उरतात.

म्हणून सभापतिपद उरलेल्या माणसाला ‘समजूत म्हणून’ देऊ नये. मंत्रिपदाची हाव नसलेला, वयानं थोडा वडीलधारा, दोन्ही बाकांवर शब्दाला मान असलेला माणूस हवा. मंत्री आणि सभापती एकाच वेळी होता येत नाही, त्यामुळे हे पद घेणारा सत्तेतला मोठा वाटा सोडतोय, याची जाण ठेवून त्याच्या मतदारसंघाची कामं आधी करावीत.

बिनसलं तर काय होतं, ते २००८ मध्ये दिसलं. सभापती सरकारच्या विरोधातला होता. ईस्टरच्या सुट्टीतल्या शनिवारी संसद बोलावली गेली, सरकारी बाजूचं कुणी हजर नसताना दुहेरी नागरिकत्व असलेल्या खासदारांना बाद करणारा कायदा संमत झाल्याचं जाहीर झालं. त्याचा नेम दोन मंत्र्यांवर होता. गणसंख्या नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयानं तो उडवला. नियम असा, की पीठासीन व्यक्ती सोडून एकूण सदस्यांच्या निम्मे तरी हजर हवेत. तेव्हा सुट्टीच्या दिवशीही कार्यालयात एक माणूस असा ठेवा, जो संसदेची नोटीस आली की लगेच फोन करील.

दहा जण धरून ठेवणं

पक्ष जवळपास नाहीत. जे आहेत ते सैल. बहुतेक खासदार अपक्ष. पक्षादेश नाही, पक्षांतर बंदी नाही. त्यामुळे ‘पाठिंब्याचं पत्र’ या कागदाला आपल्याकडच्याहून कमी किंमत. मत पडेपर्यंत आकडा धरू नये. २०१३ मध्ये वाका १३ विरुद्ध ५ मतांनी निवडून आले, २०१९ मध्ये लायनेल ऐंगिमेया १२ विरुद्ध ६, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये डेव्हिड अडियांग १० विरुद्ध ८. तिन्ही वेळा बेरीज १८ येते. एकोणिसावा सभापतीच्या खुर्चीत आहे.

मूळ घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षानं चार किंवा पाच खासदारांना मंत्री करायचं. दहाचा गट धरला तर एक तुम्ही, एक सभापती, पाच मंत्री. तिघे मोकळे राहतात. सरकार पडतं ते या तिघांमुळे. त्यांना उपमंत्रिपद किंवा सरकारी कंपनीत एखादं मानाचं काम देण्याची वहिवाट आहे. त्यांना काहीच न देता ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणं म्हणजे कुंपणावर शिडी लावून देणं. दोन महिने संसदेच्या एकाही बैठकीला न येणाऱ्या आणि रजाही न घेतलेल्या खासदाराची जागा रिकामी होते, हेही लक्षात असू द्या. परदेशी उपचारांसाठी गेलेल्या आपल्या माणसाचा रजेचा अर्ज वेळेत सभागृहापुढे गेला पाहिजे.

काठावरचं बहुमत किती टिकतं? नोव्हेंबर २०११ मध्ये स्टीफन यांनी राजीनामा दिल्यावर फ्रेडी पिचर राष्ट्राध्यक्ष झाले. पाचव्या दिवशी सत्ताधारी बाकावरून स्प्रेंट डब्विडो पलीकडे गेले, अविश्वास ठराव संमत झाला आणि डब्विडोच राष्ट्राध्यक्ष झाले. एका माणसाचं उठून दुसऱ्या बाजूला बसणं, बस्स.

सात दिवसांचं घड्याळ

अविश्वास ठरावाला एकूण सदस्यांच्या किमान निम्म्यांचा पाठिंबा लागतो. निम्मे म्हणजे हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या. १८ ची संसद होती तेव्हा ९ पुरत. १९ झाल्यावर साडेनऊ, म्हणजे १० लागतात. वाढलेल्या एका जागेनं ही भिंतही एका विटेनं उंच केली.

ठराव संमत झाला की राष्ट्राध्यक्ष आणि सगळे मंत्री एकदम जातात. तिथून सात दिवसांत नवा राष्ट्राध्यक्ष निवडला गेला नाही तर संसद आपोआप बरखास्त. २०२३ मध्ये २५ ऑक्टोबरला रस कुन यांच्यावर अविश्वास आला आणि ३० तारखेला अडियांग निवडले गेले. मुदतीला दोन दिवस उरले होते. तुमच्यावर ठराव आला असेल तर हे सात दिवसच तुमचं शस्त्र आहे. समोरच्यांना ठरावापुरते दहा जमले, पण एका नावावर दहा जमतीलच असं नाही. कुणालाच तीन वर्षांची मुदत अर्धवट टाकून पुन्हा अपूर्णांकांच्या मोजणीत जायचं नसतं. त्यामुळे सहाव्या दिवशी माणसं नरमतात. कुठल्या बाजूला नरमतील, ते मात्र मंत्रिपदं कुणाच्या हातात आहेत यावर ठरतं.

याच जागी शेजारच्या किरिबाटीशी तुलना केली की नाउरूत सरकारं इतकी का बदलतात ते कळतं. किरिबाटीत राष्ट्राध्यक्षाला बेरेतितेंती म्हणतात. संसद आपल्यातले तीन किंवा चार उमेदवार ठरवते आणि जनता त्यातून एकाला निवडते. एका माणसाला फार तर तीन वेळा राष्ट्राध्यक्ष होता येतं. पण अविश्वास ठराव संमत झाला तर संसदही बरखास्त होते, म्हणजे पाडणाराही घरी. नाउरूत पाडणाऱ्याला आठवडाभराची सवलत आहे, तिथे नाही. म्हणून तिथे हा प्रकार क्वचित: २००३ मध्ये तेबुरोरो तितो तिसऱ्यांदा निवडून आले आणि काही आठवड्यांत अविश्वासानं गेले, हे ठळक उदाहरण. शिवाय तिथला सभापती खासदारांबाहेरचा असतो, त्यामुळे ‘आमचा एक कमी होतो’ हे भांडणच नाही. आणि एक गंमत: संसदेत उमेदवार छाटताना तिथे ४, ३, २, १ असे गुण देतात. वरच्या आपल्या शंभर मतपत्रिका तशा मोजल्या तर ब-ला ३००, क-ला २७०, अ-ला २२०, ड-ला २१०. नाउरूत पडलेला ब किरिबाटीत पहिला!

नाउरूनं राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडावा, असा बदल २०१० मध्ये सार्वमताला टाकला होता, आणखी बऱ्याच दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात बांधून. लोकांनी तो गठ्ठा मोठ्या फरकानं फेटाळला. गठ्ठा बांधून सार्वमताला जाऊ नये, एवढं त्यातून शिकता येतं. एका कलमावर राग असलेला माणूस सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतो.

खुर्चीत बसल्यावर

कार्यालय यारेनमध्ये, संसदेजवळ, विमानतळाच्या धावपट्टीलगत. विमान उतरताना रस्त्यावरची वाहनं थांबवतात. राष्ट्राध्यक्षाची गाडीही थांबते. अधिकृत राजधानी नाही, चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणजे नोटा छापणं, व्याजदर हलवणं ही हत्यारं हातात नाहीत. पैसा येतो तो मुख्यतः ट्यूना पकडणाऱ्या परदेशी बोटींच्या परवान्यांतून आणि ऑस्ट्रेलियानं पाठवलेल्या आश्रयार्थींच्या केंद्रातून. फॉस्फेट बहुतांशी उकरून झालं. त्याच्या पैशातून मेलबर्नमध्ये उभी केलेली ५२ मजली इमारत २००४ मध्ये विकावी लागली. २०१५ मध्ये नव्यानं उभारलेल्या, पुढच्या पिढ्यांसाठीच्या निधीला हात लावायचा मोह पहिल्याच अर्थसंकल्पात होईल. निधीचे नियम आधी वाचावेत आणि देणगीदार देशांशी बोलावं.

परराष्ट्र धोरणही उत्पन्नाचंच खातं आहे, हे उघड बोलत नाहीत इतकंच. तैवानला मान्यता की चीनला, हा निर्णय नाउरूनं २००२, २००५ आणि जानेवारी २०२४ असा तीनदा फिरवला. डिसेंबर २०२४ च्या करारानंतर ऑस्ट्रेलियाकडून पाच वर्षांत १० कोटी डॉलरची अर्थसंकल्पी मदत आहे, पण सुरक्षा आणि महत्त्वाच्या पायाभूत सेवांबाबत तिसऱ्या देशाशी काही ठरवायचं तर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. कुठल्याही शिष्टमंडळाला होकार देण्याआधी हा करार टेबलावर उघडा असावा.

बाहेर जाताना मंत्रिमंडळाकडून एका मंत्र्यावर कामाचा भार सोपवून जावं, आणि तो मंत्री निवडताना सभापतीसारखीच पारख करावी. विमानं मोजकी, ब्रिस्बेनला अडकलात आणि इकडे संसद बसली तर परतायला दोन दिवस सहज जातात.

आकडा निसटतोय असं दिसलं की संसद बरखास्त करा म्हणून सभापतीला सल्ला देता येतो. पण तो लगेच अमलात येत नाही. सभापतीनं तो सल्ला सभागृहापुढे ठेवायचा आणि त्यानंतर सातव्या दिवशी बरखास्ती. मधल्या दिवसांत अविश्वास ठराव संमत झाला तर बरखास्ती थांबते आणि तुम्ही जाता. सल्ला मागेही घेता येतो, त्यामुळे काही जण तो केवळ धमकी म्हणून वापरायला बघतात, एकदाच चालते. आणि शेवटी राजीनामाच द्यायचा ठरला तर तो लेखी, स्वतःच्या सहीचा, आणि द्यायचा सभापतीच्याच हातात.